बाथरूमचं काम: तोडफोडीच्या आधीच्या नोंदी

५ जानेवारी

खालच्या वहिनींच्या छतावरचा डाग आता पॅसेजच्या कोपऱ्यापर्यंत आलाय आणि आमच्या बाजूला बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे तिचा रंग फुगून लोणा फुटतोय. त्यामुळे पूर्ण बाथरूम काढायचं ठरलं, वरवरची मलमपट्टी नको.

वही घातलीय कारण घरात प्रत्येकाची यादी वेगळी आहे. नवऱ्याला रेन शॉवर हवाय, लेकीला मोठमोठ्या पांढऱ्या टाइल्स, आईंना धरायला दांडा आणि पाय अडकणार नाही असा दरवाजा. मला वैयक्तिक काही नको, फक्त वहिनींकडे पाणी जायला नको. आणि दुसरं म्हणजे काम सुरू झालं की मिस्त्री "ताई, हे कुठे घेऊ?" असं विचारतो, आपण घाईत बोट दाखवतो आणि ते बोट पुढची वीस वर्षं भिंतीत राहतं. तेव्हा जेवढं ठरवता येईल तेवढं आधी कागदावर.

६ जानेवारी

आधी गळतंय कुठून ते बघायचं. सगळे सरळ "वॉटरप्रूफिंग गेलं असेल" म्हणतात पण संशयित तीन आहेत आणि तिघांचं वागणं वेगळं असतं. नळाच्या पाइपात चोवीस तास प्रेशर असतं म्हणून तो गळत असला तर ओल कधीच सुकत नाही, घर आठवडाभर बंद ठेवलं तरी. ड्रेनेजचा पाइप किंवा ट्रॅप (जाळीखालचं भांडं, ज्यात पाणी उभं राहून वास अडवतं) गळत असेल तर पाणी सोडलं की मगच ओल येते. आणि फरशीखालून झिरपत असेल तर आंघोळीनंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हळूहळू.

पाइपाची टेस्ट सगळ्यात सोपी, रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा फोटो काढला आणि सकाळी परत काढला. (हे करताना फ्लश टाकीची आतली गळती आधी बघायला लागते, नाहीतर मीटर त्याच्यामुळेच फिरतो. टाकीत खायचा रंग टाकला, भांड्यात रंग उतरला नाही, म्हणजे ती ठीक.) मीटर जागचा हलला नाही. म्हणजे पाइप संशयातून सुटला.

उद्यापासून बाकीचे दोन. एकाच दिवशी दोन्ही करायचे नाहीत कारण ओल वर यायला वेळ लागतो आणि मग कोणामुळे आली ते कळत नाही. तोवर आंघोळी दुसऱ्या छोट्या बाथरूममध्ये, सकाळी रांग लागणार.

१० जानेवारी

आधी ट्रॅपमध्ये पाइप धरून थेट बादल्याच्या बादल्या ओतल्या, फरशी कोरडी ठेवून. वहिनींकडे काही नाही. मग सगळं वाळू दिलं, ट्रॅपचं तोंड फडक्याचा बोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बंद केलं, फरशीवर बोटभर पाणी साठवलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बरंच खाली आणि वहिनींचा फोन, कोपरा ओला झालाय. बंद खोलीत एका दिवसात पाणी उडून उडून किती उडेल, एक-दोन मिलिमीटर. हे त्याच्या कितीतरी पट होतं.

मग जाळी काढून टॉर्च घेऊन बसले. ट्रॅपची कड आणि फरशी यांच्यामध्ये जे सिमेंट असायला हवं ते एका बाजूने पूर्ण वाहून गेलंय, तिथे पेन्सिल घातली तर अर्धी आत गेली, आणि बाहेर काढली तेव्हा टोकाला ओली काळी वाळू. म्हणजे पाणी ट्रॅपच्या आत जायच्या ऐवजी ट्रॅपच्या बाहेरून खाली जातंय. नाणं घेऊन फरशी वाजवून बघितली, ट्रॅपभोवती आणि शॉवरखाली पोकळ आवाज, दरवाज्याकडे भरीव.

प्लंबरदादा म्हणाले जॉइंट भरून देतो, काही महिने तरी निघतील. पण मुळात टाइल आणि जॉइंट हे वॉटरप्रूफ नसतातच ना. जॉइंटमध्ये भरतात ते साधं सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, थोडं पाणी कायम खाली उतरतंच, त्याला अडवून ट्रॅपकडे न्यायचं काम खालच्या थराचं. तोच थर फाटलाय तर वरून कितीही भरा, पाणी दुसरी वाट शोधणार. तेव्हा स्लॅबपर्यंत खोदायचं, फायनल.

१२ जानेवारी

मापं. खोली ५ बाय ८ फूट असं सगळे म्हणतात आणि तशी ती आहेसुद्धा, पण फक्त जमिनीवर आणि फक्त एका बाजूने. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टेप लावली, खोली काटकोनात असेल तर दोन्ही तिरपी मापं सारखी यायला हवीत, साधारण ९ फूट ५ इंच. एक तेवढं आलं, दुसरं जवळजवळ इंचभर जास्त. ओळंबा सोडला तर खिडकीची भिंत वर जाताना आत झुकलीय. हे आत्ता कळलेलं बरं, कारण प्लास्टर काढून भिंत गुण्यात (काटकोनात) आणायची की टाइलचा निमुळता तुकडा कोपऱ्यात लपवायचा हे आधी ठरवता येतं. प्लास्टर काढायचंच आहे, म्हणजे गुण्यात आणायची. त्यात खोली अर्धा-पाऊण इंच लहान होईल, ते ड्रॉइंगमध्ये धरलं.

ग्राफ पेपरवर काढलं. दरवाज्याजवळ बेसिन, मध्ये कमोड, टोकाला खिडकीकडे शॉवर, म्हणजे कोरडं ते ओलं अशा क्रमाने. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच आणि समोर २ फूट मोकळे हवेत, तेवढे मिळतात पण बेसिन १६ इंचांपेक्षा जास्त पुढे आलेलं चालणार नाही.

कमोड जागचा हलवायचा नाही. त्याचा पाइप ११० मिलिमीटरचा, तो सरकवला की त्याला उतार द्यायला फरशी उचलावी लागते आणि एवढ्या जाड पाइपाला जास्तीचं वळण म्हणजे तुंबायला आमंत्रण. नवऱ्याने वॉल हंग, म्हणजे भिंतीला टांगलेल्या कमोडचे फोटो दाखवले, छान दिसतात, खालून पुसताही येतं, पण आमचं आउटलेट फरशीत आहे आणि त्या प्रकाराला ते भिंतीत लागतं, शिवाय आत फ्रेम आणि टाकी बसवायला भिंत सहा-आठ इंच पुढे आणावी लागेल. ५ फुटांच्या खोलीतून ८ इंच कोण देणार. रद्द.

कमोड विकत घेताना भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं आणि ते टाइल लावून तयार झालेल्या भिंतीपासून मोजायचं असतं. आत्ता उघड्या फरशीवर मोजून गेलो तर नवीन प्लास्टर आणि टाइलची जाडी त्यातून वजा होते आणि टाकी भिंतीला टेकते. तयार भिंत कुठे येणार ते ठरल्याशिवाय कमोड बुक करायचा नाही.

१३ जानेवारी

आईंचं. दरवाजा बाहेर उघडणारा करायचा, आत कोणी पडलं तर आत उघडणारा दरवाजा त्यांच्याच अंगावर अडतो आणि बाहेरून ढकलता येत नाही. दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचावर, एक कमोडशेजारी, एक शॉवरमध्ये. टाइलवर नुसते स्क्रू मारून चालणार नाही, पूर्ण माणसाचं वजन येणार, म्हणून ती जागा प्लास्टरच्या आधीच भरीव करून घ्यायची आणि फोटोत टेप धरून नोंदवायची. कमोडची सीट थोडी उंच, १७ ते १९ इंच. आईंनी विचारलं की दांडा आत्ताच लावायला हवा का, मी काय म्हातारी झाले का. म्हटलं दांडा नंतर लावू, जागा आत्ता करून ठेवू. खूश झाल्या.

१७ जानेवारी

आजचा दिवस लेव्हलचा. आत्तापर्यंत जेवढं लिहिलंय त्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय, आणि मिस्त्रींना विचारलं तर ते फक्त "स्लोप देऊ ताई, काळजी करू नका" म्हणतात. जुन्या बाथरूमलाही कोणीतरी स्लोप दिलाच होता, दरवाज्याकडे.

म्हणून उलटं मोजलं, ट्रॅपच्या जाळीपासून. जाळी म्हणजे शून्य. शॉवरचा भाग ३ फूट खोल, तिथे ६० ला १ असा ढाळ धरला तर ९०० मिलिमीटरला १५ मिलिमीटर. उरलेला ५ फुटांचा कोरडा भाग १०० ला १, म्हणजे १५०० ला आणखी १५. म्हणजे दरवाज्यापाशी बाथरूमची फरशी जाळीपेक्षा ३० मिलिमीटर वर. पॅसेजची फरशी त्याच्याही निदान १५ वर हवी, नाहीतर जाळी तुंबली की पाणी घरात. एकूण जाळी पॅसेजपेक्षा ४५ मिलिमीटर खाली.

आता जाळीच्या खाली काय काय आहे. टाइल १०, चिकटवणारा अ‍ॅडहेसिव्ह ५, त्याखाली स्क्रीड (ढाळ देणारा सिमेंट-वाळूचा थर) निदान ४०, मग वॉटरप्रूफिंगचा थर २. सगळे मिळून पॅसेजच्या फरशीपासून साधारण १०० मिलिमीटर खाली आपला खरा पाणी अडवणारा थर येतो, आणि त्याच्याही खाली ट्रॅपचं पोट आणि पाइप. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं, तेच गटारातला वास अडवतं, तेव्हा जागा नाही म्हणून उथळ ट्रॅप घेतला तर काही दिवस आंघोळ नाही झाली की पाणी सुकून घरभर वास.

एवढी खोली मिळणार का? तोडल्याशिवाय कळत नाही असं वाटलं होतं पण वहिनींकडे जाऊन बघितलं तर त्यांच्या बाथरूमचं छत बाकीच्या घरापेक्षा खाली आहे. म्हणजे आमचा स्लॅब खाली घेतलेला, सनकन आहे. त्यांच्या पॅसेजचं छत आणि बाथरूमचं छत यातला फरक मोजला, जवळजवळ फूटभर. दोन्हीकडे स्लॅबची जाडी सारखी असेल तर तेवढाच खड्डा आमच्या फरशीखाली असणार, सध्या विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरलेला, आणि बहुतेक पाण्यानेही. भरपूर जागा आहे.

आईंचा उंबरा पण यातच सुटला. आधी दोन इंच उंच ग्रॅनाइटची पट्टी होती पाणी अडवायला. ढाळ नीट असेल तर १५ मिलिमीटरचा फरक पुरतो, तोही तिरका घासलेल्या पट्टीने. मात्र दरवाज्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर पट्टीच्या आतून वर वळवून घ्यायला सांगायचं, नाहीतर फरशीखालचं पाणी गुपचूप पॅसेजकडे सरकतं आणि पॅसेजच्या फरशीला लोणा येतो.

१८ जानेवारी

लेकीच्या मोठ्या टाइल्स. २ बाय २ ची टाइल वाकत नाही हा साधा प्रॉब्लेम आहे. कोपऱ्यात एक गोल किंवा चौकोनी जाळी असेल तर फरशीला दोन बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि मग मोठी टाइल कर्णात कापावी लागते नाहीतर एक कोपरा वर राहतो, ज्याला अंगठा ठेचतो. पर्याय दोन, लहान टाइल किंवा टोकाच्या भिंतीला लांब पट्टीची जाळी, ज्यात सगळी फरशी एकाच बाजूला उतरते. लांब जाळी घ्यायची ठरली, आमचं आउटलेट त्याच भिंतीच्या कोपऱ्यात असल्यामुळे पाइपही फार हलत नाही. घेताना तिची जाळी हाताने उचलता येते का आणि आतला ट्रॅप काढून धुता येतो का ते बघायचं, केस तिथेच अडकणार.

तरीपण फरशीला १ बाय १ च्याच टाइल घेणार, जास्त जॉइंट म्हणजे पायाला जास्त पकड. मोठ्या पांढऱ्या टाइल्स भिंतीवर लाव म्हटलं लेकीला. फरशीच्या टाइलला आर-१० किंवा आर-११ लिहिलेलं बघायचं, ते घसरण्याचं रेटिंग असतं, आकडा मोठा तेवढी पकड जास्त. आर-११ ची हाताला खरखरीत लागते आणि मळ धरते, म्हणून शॉवरमध्ये ती आणि बाकी आर-१०.

२१ जानेवारी

रेन शॉवरवरून घरात दोन दिवस धुसफूस. शेवटी वाद घालण्यापेक्षा मोजू म्हटलं.

टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवरचं तोंड यात आमच्याकडे साधारण ३ मीटरचं अंतर. १० मीटर उंचीला जवळपास १ बार प्रेशर मिळतं, म्हणजे आमच्याकडे ०.३ बार. नवऱ्याने पसंत केलेल्या शॉवरच्या कागदावर निदान १ बार लिहिलंय. आत्ताच्या साध्या शॉवरखाली दहा लिटरची बादली धरली, भरायला दीड मिनिटाच्या वर लागलं, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. तेवढ्या पाण्यात १२ इंचाची रुंद तबकडी लावली तर पाऊस पडणार नाही, नुसतं ठिबकेल, मधल्या भोकांतून.

तो म्हणाला प्रेशर पंप लावू. लावू शकतो. पण मग गीझरचा हिशेब बदलतो. २५ लिटरच्या गीझरमध्ये पाणी ६० डिग्रीला तापलेलं, नळाचं २५ ला, अंगावर ४० चं हवं, तर मिसळून साधारण ५८ लिटर होतं. मिनिटाला ६ लिटरने साडेनऊ मिनिटं आंघोळ. पंप लावून १२ लिटर केले की पाच मिनिटांत संपलं, आणि २ किलोवॉटच्या कॉइलला परत २५ वरून ६० पर्यंत न्यायला अर्धा तास. घरात चार माणसं आहेत, सकाळी.

हे कागदावर मांडल्यावर गडी गप्प झाला. मधला मार्ग असा निघाला की मध्यम आकाराचा, कमी प्रेशरवर चालणारा शॉवर आणि सोबत हँड शॉवर (आईंना बसून आंघोळ करायलाही तोच लागणार). पण पंपासाठी वायर आणि पाइपाची जागा ठेवून द्यायची, उद्या वाटलं तर भिंत फोडायला नको. शॉवरकडे जाणारा पाइप पाऊण इंचाच्या ऐवजी इंचाचा घ्यायचा डायव्हर्टरपर्यंत (भिंतीतला व्हॉल्व्ह, जो गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे वळवतो), कमी प्रेशर असलं की पाइपातली घासण सुद्धा जाणवते. डायव्हर्टरच्या आतली भोकं किती मोठी आहेत तेही दुकानात उघडून बघायचं.

डायव्हर्टर भिंतीत किती खोल बसतो याची एक भानगड आहे. त्याच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात, तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. प्लंबर तो उघड्या विटांवर बसवतो, तेव्हा ना प्लास्टर असतं ना टाइल. म्हणून त्याच्या आधी मिस्त्रींकडून तयार भिंतीची रेघ दोन खिळ्यांमध्ये दोरा ताणून घ्यायची, प्लंबरने त्या दोऱ्यावरून मोजायचं. दोघांना एका दिवशी एका वेळी बोलवायला लागेल, हे सगळ्यात अवघड काम दिसतंय.

२४ जानेवारी

इलेक्ट्रिक. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनशीच बोलले, कारण ओलं अंग आणि वीज यात प्लंबरचा भाचा नको.

गीझरची वेगळी लाइन थेट बोर्डापासून, स्वतःच्या एमसीबीवर (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच). २ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला ९ अँपिअरच्या आसपास, म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट आणि ४ स्क्वेअर एमएमची वायर. गीझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर, लाल दिव्याचा. संपूर्ण बाथरूमला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग मोजून घ्यायचं. आरशाजवळचा सॉकेट शॉवरच्या भागापासून निदान २ फूट लांब. शॉवरच्या वरचा दिवा पाण्याच्या शिंतोड्यांना टिकणारा, आयपीएक्स४ किंवा वरचा.

गीझर कुठल्या भिंतीला ते पण आजच ठरलं. २५ लिटर पाणी अधिक त्याचं स्वतःचं वजन, भिंत जाड विटांची हवी, म्हणून खिडकीची भिंत. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात, ती नळी सरळ जाळीकडे उतरवायची, दरवेळी लोक तिला बूच मारतात ते अजिबात नको.

एक्झॉस्ट ६ इंची. खोली लहान आहे, पण पंख्याला हवा आत यायला वाट लागते, म्हणून दरवाज्याच्या खाली बोटभर फट. फट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो आणि आरसा धुरकटलेलाच.

२८ जानेवारी

टाइल बघून आलो. रंगावर फार लिहीत नाही, पांढरा म्हणजे एकच रंग असतो असा माझा समज होता, तो दुकानात मोडला.

हिशेब: भिंती २६ फूट घेर, ७ फूट उंची, १८२ स्क्वेअर फूट, त्यातून दरवाजा-खिडकी वजा करून १६०, दहा टक्के तुटफूट धरून १७६. १ बाय २ च्या टाइलने ८८ नग. फरशी ४० अधिक ४, म्हणजे १ बाय १ चे ४४. सगळे खोके एकाच बॅच नंबरचे घ्यायचे, दोन बॅचमध्ये शेड थोडी फरक पडते आणि भिंतीवर लागल्यावर दिसते. शिवाय एक खोका माळ्यावर कायमचा.

लेकीने "जॉइंट दिसू नयेत" अशी मागणी ठेवली. दुकानदारही तसंच विकत होता. पण २-३ मिलिमीटरचा जॉइंट ठेवायचाच, टाइलची मापं अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे असतात आणि उन्हा-पाण्याने थोडी हलतात, एकमेकींना चिकटवून लावल्या की एखादी उचकटते. फरशीला इपॉक्सी ग्राउट, ते पाणी पीत नाही आणि काळं पडत नाही. भिंतीला साधं चालेल.

फरशीची टाइल व्हिट्रिफाइड आहे, तिचं पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीला ती धरत नाही. अ‍ॅडहेसिव्हनेच लावायची, खाचेच्या थापीने पूर्ण पसरून. टाइलच्या मागे पाच गोळे ठेवून दाबायची पद्धत नको, मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साठतं.

२ फेब्रुवारी

कोटेशन आली. सगळ्यात कमीवाला एका ओळीत "बाथरूम कम्प्लीट" असं लिहून मोकळा. त्यात काय नाही ते विचारत गेले तर यादी वाढतच गेली: मलबा खाली नेणं नाही, पाइपाची टेस्ट नाही, इपॉक्सी ग्राउट वेगळं, दरवाज्याची चौकट वेगळी, वॉटरप्रूफिंग "करू की" एवढंच. दुसऱ्याने आयटमनुसार लिहिलंय, महाग दिसतो पण सगळं आत आहे. तिसऱ्याचं बोलणं आवडलं होतं पण त्याने पाणी साठवून टेस्ट करायला नकार दिला, "आम्ही गॅरंटी देतो ना ताई". तो आपोआप बाद.

दुसऱ्याला होकार. पैसे टप्प्याने आणि टप्पे दिसणाऱ्या गोष्टींना बांधलेले: पाइपाची प्रेशर टेस्ट पास झाल्यावर, पाण्याची टेस्ट पास झाल्यावर, टाइल वाजवून बघितल्यावर, आणि शेवटचा मोठा हप्ता सगळ्या नळांतून पाणी गेल्यावर. त्यांनी लगेच मान्य केलं, यावरूनही माणूस कळतो.

५ फेब्रुवारी

कामाचा क्रम मिस्त्री आणि प्लंबर दोघांसमोर बसून लिहिला. तोडफोड, मलबा बाहेर, उघड्या स्लॅबची आणि ड्रेनेजच्या जुन्या तोंडांची तपासणी. मग झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) मारून पाइप आणि वायरिंग, टेस्ट पंप लावून रात्रभर प्रेशर धरतं का बघणं, सगळ्या भिंतींचे टेप धरून फोटो, त्यानंतर प्लास्टर.

वॉटरप्रूफिंगवर जास्त वेळ घालवला. दोन कोट, पहिला आडवा तर दुसरा उभा, म्हणजे एकात राहिलेलं बारीक भोक दुसऱ्यात झाकलं जातं. कोपऱ्यात जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे काटकोन न ठेवता मसाल्याची गोलाई आणि त्यावर जाळीची पट्टी, कारण थर फाटतो तो कायम तिथेच. भिंतीवर एक फूट, शॉवरच्या भागात ७ फुटांपर्यंत. आणि ट्रॅपच्या गळ्याला थर आत वळवून घ्यायचा, आमचं सगळं पाणी जिथून गेलं ती जागा. मिस्त्रींना ती पेन्सिल दाखवली, ते हसले, पण लिहून घेतलं.

टेस्ट दोनदा. एकदा खड्ड्यात, भराव टाकायच्या आधी, आणि परत वर, भरावावरच्या थरानंतर. दोन्ही वेळा निदान ४८ तास, रेघ मारून, आणि वहिनींकडे जाऊन हात लावून बघायचं. भरावाला विटांचे तुकडे नकोत म्हटलं, हलके ब्लॉक टाकू, वजनही कमी. खड्ड्याच्या तळाला एक बारीक पाइप शाफ्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उघड्या डक्टमध्ये) काढून ठेवायचा, उद्या चुकून पाणी आलंच तर ते तिथून बाहेर टपकेल आणि आम्हाला दिसेल, वहिनींच्या छताला कळायच्या आधी.

दुसऱ्या टेस्टनंतर फरशीत कोणी खिळासुद्धा मारायचा नाही. दरवाज्याचा स्टॉपर भिंतीला.

टाइल आधी भिंतीच्या, खालची एक ओळ सोडून, मग फरशी, मग ती ओळ, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी फरशीवर पडतं, सांध्यात शिरत नाही. ग्राउट दुसऱ्या दिवशी. सिलिकॉन लावल्यावर एक दिवस पाणी नाही. सगळं धरून तीन ते चार आठवडे, त्यातला बराच वेळ नुसता वाळण्यात आणि पाणी साठवून बसण्यात जाणार, त्यावर कोणी घाई करायची नाही असं नवऱ्याकडून आधीच कबूल करून घेतलं.

९ फेब्रुवारी

सोसायटीला पत्र दिलं, तोडफोडीच्या वेळा लिफ्टजवळ लावल्या, वहिनींना त्यांच्या बाथरूममधलं सामान कोपऱ्यातून हलवायला सांगितलं, हातोड्याने त्यांच्या छताचे पोपडे पडू शकतात. त्यांच्या छताचे आत्ताचे फोटो दोघींनी मिळून काढून ठेवले, नंतर "हे आधीचं की आत्ताचं" नको. शाफ्टमधला आमचा कॉक बंद करून बघितला तर अर्धवटच बंद होतो, तो तोडफोडीच्या आधी बदलायला प्लंबरदादा उद्या येतील.

अजून न ठरलेलं: शॉवरमध्ये साबण-शांपूसाठी भिंतीत कोनाडा. करायचा असेल तर गीझरच्या भिंतीत नको, तिथे पाइप आहेत, आणि कोनाड्याच्या तळालाही बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ हवा. उंची दोन टाइलच्या सांध्याला जुळली तरच, नाहीतर स्टीलची शेल्फ.

टाइलची गाडी १६ तारखेला म्हणतायत. जाळी, डायव्हर्टर, ट्रॅप आणि टाइल हे चारही घरात येऊन मोजून झाल्याशिवाय हातोडा नाही, मिस्त्रींना तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले मग १८ ला येतो.